टकलावरचे चट्टे आणि दर भेटीतले फोटो

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून गेली अनेक वर्षे तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत राबत आहेत. त्यांचा वर्ण गोरा असून डोक्याला टक्कल आहे. टाळूवर खरखरीत चट्टे उठले, तेव्हा सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका चट्ट्याचा तुकडा तपासून ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ (उन्हाने उठणारे, क्वचित पुढे कर्करोगात बदलू शकणारे चट्टे) असे निदान केले आणि फाइव्ह-फ्लुरोयुरासिल हे मलम दिले. दुसऱ्याच आठवड्यात टाळू लालभडक होऊन खपल्या धरू लागल्या आहेत. डॉक्टर मात्र दर भेटीत फोटो काढतात, भिंगातून पाहतात आणि समाधानी दिसतात. हे फोटो खरोखर गरजेचे आहेत का? पुण्या-मुंबईत मोठ्या यंत्रावर तपासणी करावी का? कानाच्या वरच्या कडेवर एक जाडसर गाठही आली आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे, मात्र टाळूवरची लाली हे औषध बिघडल्याचे नव्हे, ते लागू पडल्याचे चिन्ह आहे. उन्हाने बिघडलेल्या पेशींना हे मलम मारते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे चट्टेही त्या ओघात उघडे पाडते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला फोटो पहिल्यापेक्षा भयंकर दिसतो. उपचाराचा निकाल या फोटोवरून लावायचा नसतो. मलम थांबवून दाह पूर्ण निवल्यावर, साधारण दोन-तीन महिन्यांनी काढलेला फोटो सुरुवातीच्या फोटोशेजारी ठेवला, तरच काय गेले आणि काय उरले हे कळते. एकेका चट्ट्याचा कर्करोग होण्याची शक्यता कमी असते, पण कोणता उलटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाची जागा नोंदवून ठेवावी लागते, आणि बारा-पंधरा चट्ट्यांची टाळू डॉक्टरांच्या स्मरणशक्तीवर सोडणे मला तरी पटत नाही.

भिंगातून, म्हणजे डर्मोस्कोपमधून, कातडी सुमारे दहापट मोठी दिसते. चेहऱ्यावरच्या व टाळूवरच्या अशा चट्ट्यांत केसांच्या छिद्रांभोवती पांढरट कडी आणि मधे लालसर जाळी दिसते. उपचारानंतर ती जाळी विरली की चट्टा गेल्याचा भरवसा वाढतो. तरीही बोटाचे काम कोणताही कॅमेरा करीत नाही : पॉलिश पेपरासारखा खरखरीतपणा पुष्कळदा दिसण्याआधी हाताला लागतो, म्हणून डॉक्टरांनी टाळू चाचपूनही पाहावी.

मधल्या काळात आपण घरीही फोटो काढू शकता. मलम लावण्याआधी, टाळू हलक्या हाताने धुऊन व टिपून, वडिलांना एकाच खिडकीपाशी सकाळी बसवावे, शेजारी शाळेतली मोजपट्टी धरावी आणि अंतर तेच ठेवावे. फ्लॅश, झूम व चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद असावेत. ते फिल्टर नेमके आपल्याला हवे असलेले खवलेच पुसून टाकतात.

मोठ्या यंत्रांविषयी सांगायचे, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लेझरच्या साहाय्याने कातडीच्या वरच्या पाव मिलिमीटरपर्यंतच्या पेशी तुकडा न काढता दाखवते, तर ओसीटी (परतणाऱ्या प्रकाशावरून कातडीचा उभा छेद दाखवणारे यंत्र) त्याहून खोल, एक-दोन मिलिमीटरपर्यंत पोचते, पण पेशी तितक्या स्पष्ट दाखवीत नाही. चट्ट्यावर जाड खपली असेल तर कॉन्फोकलचा प्रकाश तिथेच अडतो. निदान तुकड्यावरून झालेले आहे आणि टाळू मलमाला नीट प्रतिसाद देते आहे, तेव्हा केवळ त्यासाठी पुण्याला खेप घालण्याची गरज मला दिसत नाही. तो खर्च रुंद काठाच्या टोपीवर आणि सनस्क्रीनवर करावा, कारण एप्रिलच्या खरड छाटणीत वडील उघड्या डोक्याने उभे राहिले, तर नवे चट्टे येतच राहतील.

कानावरच्या गाठीसाठी मात्र पुढच्या फोटोची वाट पाहू नये. जाड होणारी, दुखणारी, रक्त येणारी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ हा पाठपुराव्याचा विषय राहत नाही, आणि कानावरचा कर्करोग इतर जागांच्या तुलनेत पसरण्याची भीती अधिक असते. याच आठवड्यात ती आपल्या डॉक्टरांना दाखवून तिचा तुकडा तपासण्याविषयी विचारावे.