‘त्रास तर काहीच नाही, मग पिशवी कशाला काढायची?’

नागपूरच्या सक्करदऱ्याहून आलेल्या ६४ वर्षांच्या काकांनी फाइल टेबलावर ठेवली. “मॅडम, लघवीत रक्त नाही, जळजळ नाही, त्रास तर काहीच नाही जी. मग पिशवी कशाला काढायची?” (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काकूंचा गोंधळ वेगळाच. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हणजे बाईचं गर्भाशय काढलं. त्यात डॉक्टर म्हणतात पिशवी काढायची आणि लगेच म्हणतात पिशवी लावायची. म्हणून आधी शब्द वेगळे केले: आतलं ते मूत्राशय, पोटाला बाहेरून चिकटते ती बॅग.

मग मूत्राशयाच्या कर्करोगाचा रिपोर्ट उलगडला. हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक पेशींचा), टी-१, सोबत सीआयएस. टी-१ म्हणजे गाठ अस्तराखालच्या थरात उतरली, स्नायूत अजून नाही. सीआयएस म्हणजे अस्तरावर सपाट पसरलेला आक्रमक कर्करोग. त्याची कड नीट दिसत नाही, त्यामुळे दुर्बिणीतून खरवडून तो पुरता निघत नाही. त्यासाठीच बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतलंच औषध, मूत्राशयात सोडतात. काकांनी आठवड्याला एक असे ६ डोस घेतले, तिसऱ्या महिन्यात आणखी ३. तरी सहाव्या महिन्यात काढलेल्या तुकड्यात दोन्ही पुन्हा सापडले. पुरेसे डोस होऊनही रोग इतक्या लवकर परतला, तर आणखी बीसीजीवर भरवसा ठेवता येत नाही.

त्रास नाही, हे खरंच. पण हा रोग स्नायूत शिरला तरी कित्येकदा दुखत नाही. दुखेपर्यंत थांबलं तर तो लसिका गाठींपर्यंत पोचलेला असू शकतो. मग केमो जमत असेल तर आधी केमो, नंतर ऑपरेशन, आणि एवढं करूनही बरं होण्याची शक्यता आजच्यापेक्षा कमी. काकांना ऑपरेशनचा सल्ला आत्ताच मिळाला, कारण रोग अजून स्नायूत शिरलेला नाही.

“दुसरं काहीच नाही का?” मुलीनं विचारलं. आहे. जेमसिटाबिन आणि डोसेटॅक्सेल ही केमोची औषधं एकामागोमाग मूत्राशयात सोडतात, आठवड्याला एकदा, ६ आठवडे. पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध शिरेतून देतात. सीआयएस असलेल्यांच्या अभ्यासात ते दिल्यावर सुमारे ४१ टक्के रुग्णांत रोग दिसेनासा झाला, पण त्यातल्या बऱ्याच जणांत तो वर्षभर दूर राहिला नाही. ज्यांचं शरीर ऑपरेशन झेपवणार नाही किंवा ज्यांना ते नकोच आहे, त्यांच्यासाठी हा रास्त मार्ग आहे. अट एकच: दर ३ महिन्यांनी दुर्बीण चुकवायची नाही. आमचं मत मात्र स्पष्ट होतं. टी-१ आणि सीआयएस दोन्ही परतलेत आणि हृदय-फुप्फुसं ठीक आहेत, तेव्हा ऑपरेशनच.

काकांना आतड्याचं नवं मूत्राशय हवं होतं, ‘बाहेर काही दिसणार नाही’ म्हणून. पण त्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा आकडा, फक्त ४२. नव्या मूत्राशयाला ४० ते ६० सेंटीमीटर आतडं लागतं. लघवी त्यात तासन्‌तास साठते, आतडं तिच्यातलं आम्ल पुन्हा रक्तात ओढतं आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. त्याऐवजी आतड्याच्या १५-२० सेंटीमीटर तुकड्याची पोटावर उघडणारी नळी केली की लघवी न थांबता बॅगेत उतरते. मूत्राशय काढताना प्रोस्टेटही निघते आणि ताठरता बहुधा जाते. मुलीसमोर हे कोणी विचारत नाही. तिला जरा बाहेर बसवून आम्हीच विषय काढला.

नंतर बॅग प्रत्यक्ष लावून पाहिली. काका उभे असताना बेंबीच्या उजवीकडे खाली खूण केली, छान बसली. मग म्हटलं, जेवायला बसता तसे जमिनीवर बसा. खूण पोटाच्या वळीत गायब! अशा जागी बॅग दर तासाला सुटली असती. वळीच्या वर, पायजम्याच्या नाडीपासून दूर, काकांना स्वतःला दिसेल अशी नवी खूण केली. बॅगेत अर्धी वाटी पाणी भरून ती दोन दिवस घरी लावायला दिली.

घरची मंडळी नेमकं चुकतात ते बॅगेच्या भोकात. ते स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर उघडणाऱ्या नळीच्या तोंडापेक्षा, फक्त २-३ मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त मोठं झालं की उघड्या कातडीवर लघवी साचते, कातडी सोलते, मग चिकट थर धरतच नाही. स्टोमा पहिले ६-८ आठवडे आक्रसतो, म्हणून दर वेळी मोजायचा. बॅग सकाळी चहाआधी बदलायची, लघवी तेव्हा कमी येते. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानं सुटते. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नये, तो आतड्याचा चिकट स्राव असतो. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, चिकट थर घामानं लवकर सुटतो. चार दिवस टिकणारी बॅग तेव्हा दोनच दिवस टिकेल असं धरून जास्त आणून ठेवाव्यात, आणि स्कूटरच्या डिक्कीत तर मुळीच ठेवू नयेत. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का आणि घरी लागणाऱ्या बॅगांचं काय, हे दोन प्रश्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला वेगवेगळे विचारायचे.

दोन दिवसांनी काका आले, बॅग जागच्या जागी. दुसऱ्या युरोसर्जनचं मतही तेच पडलं. बिडी त्याच दिवशी सोडायला सांगितली, कारण धूम्रपान सुरू असलं की जखम उशिरा भरते आणि छातीत संसर्ग होतो. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी खूण त्याच जागी पुन्हा केली, आणि आंघोळीत पुसू नये म्हणून काकूंनी तिच्यावर पारदर्शक पट्टी स्वतःच्या हातानं चिकटवली.