पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फुल-टेक्स्ट सर्चच्या क्वेरीला प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) किती रेकॉर्ड जुळतील याचा भलताच अंदाज देतो. डीफॉल्ट स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०,००० करू का?

नका करू. सगळ्या डेटाबेसला एकदम तर अजिबातच नका करू. (हे टार्गेट म्हणजे प्रत्येक कॉलमची स्टॅटिस्टिक्स, म्हणजे प्लॅनर ज्यावरून अंदाज बांधतो ती आकडेवारी, किती तपशिलात ठेवायची त्याचं सेटिंग.)

तुम्ही लिहिलंय की टेबलात ६० लाख रेकॉर्ड आहेत, टीएसव्हेक्टर कॉलमवर (मजकूर सर्चसाठी शब्दाशब्दांत मोडून ठेवलेला कॉलम) जिन इंडेक्स आहे (शब्दावरून रेकॉर्ड काढून देणारा), आणि ॲपमधून कुठलाही शब्द शोधला तरी लॉगमधल्या प्लॅनला अंदाज ३०,००० चा दिसतो, खरे निघतात पंधरा-वीस. आता ३०,००० भागिले ६० लाख करा. ०.००५. हा आकडा तुमच्या डेटातून आलेलाच नाहीये, तो पोस्टग्रेसच्या सोर्स कोडात कॉन्स्टंट म्हणून बसलाय. @@ (डावीकडचा मजकूर उजवीकडच्या सर्चशी जुळतो का ते बघणारा ऑपरेटर) च्या उजवीकडे नेमकं काय शोधायचंय हे प्लॅनरला कळलं नाही, किंवा डावीकडच्या गोष्टीची स्टॅटिस्टिक्सच नसली, की तो सरळ अर्धा टक्का धरून मोकळा होतो. जो स्टॅटिस्टिक्स उघडूनच बघत नाहीये त्याच्यापुढे तुम्ही दहापट ढीग घातला काय नि शंभरपट घातला काय.

इतकं ठणकावून सांगतोय कारण याच सेटिंगवरून माझं एका सीनियरशी चांगलंच वाजलं होतं आणि मीटिंगमध्ये शेवटचा शब्द त्यांचा झाला होता, जे मला अजून पचलेलं नाही.

आमचं टेबल होतं सपोर्ट तिकिटांचं, साधारण ४० लाख रेकॉर्ड. सर्च बॉक्समध्ये शब्द टाकायचा, जुळणारी ताजी २० तिकिटं दाखवायची, म्हणजे @@, तारखेवर उलटा ऑर्डर बाय आणि लिमिट २०. तक्रार अशी की ॲपमध्ये सर्च कधी झटपट येतो तर कधी अख्खं पान टाइमआउट होतं, आणि तीच क्वेरी कॉपी करून पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल) चालवली की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. ॲप रीस्टार्ट केलं की थोडा वेळ सगळं छान, मग पुन्हा तेच. हे लक्षण ज्याने एकदा पाहिलंय तो लगेच ओळखतो पण आमच्याकडे सगळे नेटवर्क आणि कनेक्शन पूल तपासत बसले होते.

मी ऑटो एक्सप्लेन (मंद क्वेरींचे प्लॅन लॉगमध्ये टाकणारं मॉड्यूल) लावून मंद प्लॅन पकडला. त्यात जिन इंडेक्सला हातच लावलेला नव्हता. प्लॅनर तारखेच्या बीट्री इंडेक्सवरून (क्रमाने लावलेला साधा इंडेक्स) शेवटाकडून मागे मागे चालत होता आणि प्रत्येक तिकिटावर @@ तपासत होता. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर होतं, बघा, ४० लाखांचा अर्धा टक्का म्हणजे २०,००० जुळणार, म्हणजे दर २०० तिकिटांमागे एक, म्हणजे २० मिळवायला ४,००० तिकिटं चाळली की झालं, कशाला उगीच जिनमधून २०,००० काढून सॉर्ट करा. फक्त प्रत्यक्षात तो शब्द होता एका जुन्या प्रिंटर मॉडेलचा आणि तो एकूण १२ तिकिटांत होता. २० कधी भरणारच नव्हते. त्यामुळे बिचारा टेबलाच्या पहिल्या तिकिटापर्यंत चालत गेला, आणि प्रत्येक ठिकाणी टोस्टमधून (मोठ्या व्हॅल्यू वेगळ्या ठेवायची जागा) टीएसव्हेक्टर बाहेर काढून उलगडत गेला, ज्याचा खर्च कॉस्ट मॉडेल धरतच नाही, म्हणजे हिशोब दोन्हीकडून बुडाला.

सीनियरचं म्हणणं, अंदाज चुकतोय म्हणजे सॅम्पल कमी पडतंय, टार्गेट वाढवा. मी म्हटलं सर, अहो प्लॅनमधली फिल्टरची ओळ वाचा, तिथे शब्द नाहीये, तिथे $१ आहे. म्हणजे हा जेनेरिक प्लॅन आहे, प्लॅन बनवताना शब्द काय ते माहीतच नव्हतं. जेडीबीसी ड्रायव्हर (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा) तीच क्वेरी पाचव्यांदा आली की तिचं सर्व्हरवर नाव दिलेलं प्रिपेअर्ड स्टेटमेंट करतो, म्हणजे क्वेरी तयार ठेवून दर वेळी फक्त व्हॅल्यू पाठवतो, मग सर्व्हर पाच वेळा खरी व्हॅल्यू घेऊन कस्टम प्लॅन बनवतो, आणि त्यानंतर जेनेरिक प्लॅनची कॉस्ट त्या कस्टम प्लॅनांच्या सरासरीशी ताडून बघतो, महाग दिसला नाही तर पुढे तोच वापरत राहतो. आणि लिमिट २० मुळे हा जेनेरिक प्लॅन कागदावर अगदी स्वस्त दिसत होता. पीएसक्यूएलमध्ये आपण शब्द थेट लिहितो म्हणून तिथे हे घडतच नाही.

ऐकलं नाही. डीफॉल्ट स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०,००० केलं, अख्ख्या डेटाबेसवर अनालाइझ (स्टॅटिस्टिक्स गोळा करणारी कमांड) चालवलं. पोस्टग्रेस टार्गेटच्या ३०० पट रेकॉर्डांचं सॅम्पल घेतो, म्हणजे ३० लाख, म्हणजे ४० लाखांच्या टेबलात जवळजवळ सगळंच वाचून काढलं. डिस्क दिवसभर घामाघूम. वर ज्या जॉइनच्या क्वेरींचा सर्चशी काडीचा संबंध नव्हता त्यांचा प्लॅनिंग टाइम वाढला, कारण दोन कॉलमांच्या सगळ्यात कॉमन व्हॅल्यूंच्या याद्या प्लॅनर एकमेकींशी ताडून बघतो आणि त्या याद्या आता शंभराच्या जागी दहा-दहा हजारांपर्यंत वाढल्या होत्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

आणि सर्चचा अंदाज? २०,०००. तोच.

मग मी सगळ्यांसमोर पीएसक्यूएलमध्ये प्रिपेअर करून प्लॅन कॅश मोडला फोर्स जेनेरिक प्लॅन दिला (म्हणजे कायम जेनेरिक प्लॅनच वापर) आणि एक्सप्लेन एक्झिक्यूट, म्हणजे प्लॅन दाखवणारी कमांड, दोनदा चालवलं, एकदा 'एरर' या शब्दाने, जो निम्म्या तिकिटांत असतो, आणि एकदा कीबोर्डवर हात आपटून टाइप केलेल्या निरर्थक अक्षरांनी. दोन्हीला २०,०००. यावर खोलीत शांतता वगैरे काही झाली नाही, सर म्हणाले की म्हणजे पोस्टग्रेसला सर्च जमतच नाही, वेगळं सर्च इंजिन आणायला हवं. मी त्या ॲपच्या रोलला (डेटाबेस युजरला) प्लॅन कॅश मोड फोर्स कस्टम प्लॅन करून दिला (हे व्हर्जन १२ पासून आहे), टाइमआउट थांबले, आणि पुढच्या मीटिंगमध्ये ऐकायला काय मिळालं तर टार्गेट वाढवल्याचा परिणाम दिसायला जरा वेळ लागला. असो.

तर तुमच्यासाठी पहिली तपासणी हीच, शब्द बदलून बघा आणि अंदाज हलतो का ते पहा. शब्द ॲपमधून जातो तसाच, $१ म्हणून हवा, क्वेरीत हाताने लिहून नाही. १६ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर एक्सप्लेनला जेनेरिक प्लॅन असा ऑप्शनच आहे, प्रिपेअरची कटकट नाही. अंदाज हलला नाही तर कारणं तीनच असतात बहुतेक. एक, वर सांगितलेला जेनेरिक प्लॅन. दुसरं म्हणजे टीएसक्वेरी (शोधायचे शब्द) दुसऱ्या टेबलातून जॉइनने येतेय, सेव्ह केलेले सर्च वगैरे, तिथे कस्टम प्लॅननेही काही होणार नाही, ॲपमधून दोन क्वेरी करा. तिसरं, कॉलम साठवलेला नाहीये आणि टू-टीएसव्हेक्टर (मजकुराचा टीएसव्हेक्टर करणारं फंक्शन) क्वेरीतच लिहिलंय पण तशाच एक्स्प्रेशनवर इंडेक्स नाही, मग स्टॅटिस्टिक्स येणार कुठून. एक्स्प्रेशन इंडेक्स केलात तर अनालाइझ त्याचीही स्टॅटिस्टिक्स गोळा करतं, आणि १४ पासून नुसत्या एक्स्प्रेशनवर क्रिएट स्टॅटिस्टिक्सही चालतं. तुमच्याकडे कॉलम आहे म्हणताय तेव्हा पैज लावतो पहिलंच कारण असणार.

अंदाज हलायला लागला की मग टार्गेटचं बोला. टीएसव्हेक्टरसाठी अनालाइझ सगळ्यात कॉमन शब्दांची यादी ठेवतं, टार्गेटच्या दहापट लांब, म्हणजे डीफॉल्ट १०० ला १,००० शब्द, आणि प्रत्येक शब्द किती टक्के डॉक्युमेंटांत येतो ते. हे मोजायला लॉसी काउंटिंग (थोड्या मेमरीत वारंवार येणारे शब्द अंदाजे मोजायची पद्धत) वापरतात, मंकू आणि मोटवानी यांचा २००२ चा अल्गोरिदम, आणि त्याची कात्री कुठे लावायची हे ठरवताना कोडात झिफचा नियम (कॉमनपणाच्या यादीत शब्द जितका खाली, तितक्या प्रमाणात तो कमी वेळा येतो) आणि भाषेत दहा लाख शब्द असं सरळ गृहीत धरलंय, मला ते वाचून मजा वाटली होती. ८.४ च्या आधी, म्हणजे २००९ पूर्वी, एवढंही नव्हतं.

शब्द यादीत असला तर अंदाज छान येतो. यादीत नसला तर यादीतल्या सगळ्यात कमी फ्रीक्वेन्सीच्या निम्मं धरतात, किंवा ०.००५, जे कमी असेल ते. खरी गोम इथे आहे. धरा की तुमच्या यादीतला सगळ्यात दुर्मिळ शब्द ०.००४ ला आहे, तर यादीबाहेरचा प्रत्येक शब्द ०.००२, म्हणजे ६० लाखांत १२,०००. मग तो खरोखर ११,००० ठिकाणी असो, तीन ठिकाणी असो नाहीतर कुठेच नसो. पीजी स्टॅट्समध्ये (स्टॅटिस्टिक्स दाखवणारा व्ह्यू) मोस्ट कॉमन एलेम फ्रीक्स या रकान्यात शब्दांपेक्षा दोन आकडे जास्त दिसतील, ते शेवटचे दोन म्हणजे किमान आणि कमाल, त्यातलं किमान घ्या आणि निम्मं करा, तुमच्या दुर्मिळ शब्दांचा अंदाज काय येणार ते एक्सप्लेन न चालवताच कळेल.

म्हणून टार्गेट वाढवण्यात अर्थ आहे, पण त्या एका कॉलमवर, अल्टर टेबलमधून सेट स्टॅटिस्टिक्स १,०००, मग यादी १०,००० शब्दांपर्यंत जाते आणि किमान आकडा बराच खाली येतो. आमच्याकडे नंतर मी सगळीकडचं १०० वर आणलं आणि या कॉलमला १,००० ठेवलं, कारण नुसत्या कस्टम प्लॅनने टाइमआउट गेले तरी काही मधल्या शब्दांना तो तारखेच्या इंडेक्सचा मोह सुटत नव्हता. म्हणजे टार्गेट हे औषध खोटं नाही, एवढं श्रेय त्या सरांना देतो.

दोन शब्दांच्या सर्चला मात्र टार्गेटचा काही उपयोग नाही. ॲन्ड असला की दोन्ही सिलेक्टिव्हिटींचा (जुळणाऱ्या रेकॉर्डांच्या प्रमाणांचा) गुणाकार, ऑर असला की बेरीज वजा गुणाकार, नॉट म्हणजे एकातून वजा, आणि फ्रेज सर्चला ॲन्डसारखंच धरतात, शब्द शेजारी असण्याचा हिशोबच नाही. 'पासवर्ड' ०.०८ आणि 'रिसेट' ०.०६ असेल तर अंदाज ०.००४८, पण रिसेटवाली तिकिटं जवळजवळ सगळी पासवर्डचीच असतात तेव्हा खरं ०.०५ च्या पुढे. दहापट कमी. असा कमी अंदाज नेस्टेड लूपच्या (एका बाजूच्या प्रत्येक रेकॉर्डासाठी दुसरी बाजू पुन्हा शोधणारा जॉइन) बाहेरच्या बाजूला बसला की जॉइन झोपलाच. मल्टी-कॉलम स्टॅटिस्टिक्सही @@ ला लागू होत नाहीत, तेव्हा 'स्टेटस उघडं' आणि सर्च यांच्यातला संबंधही त्याला कधी कळणार नाही.

माझं मत विचाराल तर सर्च आणि ऑर्डर बाय तारीख आणि लिमिट हे त्रिकूट प्लॅनरच्या भरवशावर सोडूच नये. आतली सर्चची क्वेरी मटेरियलाइज्ड सीटीईत (आधी वेगळी पूर्ण चालणारी 'विथ' क्वेरी) टाका, बाहेर सॉर्ट आणि लिमिट लावा, म्हणजे तारखेच्या इंडेक्सवरून चालत जायची वाटच बंद. लोक याला जुगाड म्हणतात, म्हणू देत. फक्त यात 'एरर' सारख्या शब्दाला लाखो तिकिटं जिनमधून काढून सॉर्ट करावी लागतात, तिथे उलट तारखेचाच इंडेक्स बरा पडला असता, त्यामुळे तुमचे युजर बहुतेक कसले शब्द टाकतात ते आधी लॉगमध्ये बघा. रम नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते इंडेक्समध्येच शब्दासोबत तारीख ठेवतं आणि हा पेचच सोडवतं, पण ते कोअरमध्ये नाही आणि मॅनेज्ड सर्व्हिसवर मिळेलच असं नाही.

आणि फोर्स कस्टम प्लॅन सगळ्या डेटाबेसला लावू नका, दर वेळी नव्याने प्लॅनिंग होतं, सेकंदाला हजारो बारक्या क्वेरी असतील तर ते अंगाशी येईल. सर्चसाठी वेगळा रोल करा नाहीतर ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल. तुमचं व्हर्जन आणि ड्रायव्हर कुठला ते लिहिलं नाहीये, ते टाका, आणि फिल्टरची ओळही.