वाचकांचे प्रश्न : शस्त्रकायद्यावरील पत्रक कसे लिहावे?

प्रश्न : मी न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे आणि नेमबाजीच्या एका क्लबचा सभासद आहे. राज्याच्या शस्त्रकायद्यात बदल व्हावेत म्हणून आमचा क्लब आमदारांना आणि परिसरातील रहिवाशांना देण्यासाठी चार पानांचे पत्रक तयार करत असून मसुद्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात तीन मुद्दे आहेत : अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क आमचे राज्य पायदळी तुडवते, देशात दरवर्षी पंचवीस लाख वेळा बंदुकीमुळे सामान्य माणसाचा बचाव होतो, आणि 'सबळ गरज' सिद्ध केल्याशिवाय येथे पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मिळत नाही. यात काय सुधारावे?

उत्तर : तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो आज खरा नाही. 'सबळ गरज' दाखवण्याची अट न्यू जर्सीत अनेक दशके होती आणि तिच्यामुळे सामान्य नागरिकाला असा परवाना जवळजवळ मिळतच नसे. परंतु २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्क राज्याची तशीच अट घटनाबाह्य ठरवली आणि दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने आपल्याकडील अट लागू करणे थांबवले. रद्द झालेल्या अटीबद्दल तक्रार करणारे पत्रक आमदाराच्या कार्यालयातील पहिलाच कर्मचारी बाजूला ठेवील आणि उरलेली पाने कोणी उघडणार नाही. अशीच चूक मॅगझिनच्या, म्हणजे बंदुकीत काडतुसे भरण्याच्या पेटीच्या, बाबतीतही होते. काडतुसांची मर्यादा २०१८ साली पंधरावरून दहावर आली, तरी जुन्या पत्रकांवरून उतरवलेल्या मजकुरात अजून पंधराच लिहिलेले आढळते.

आपली खरी तक्रार आजच्या कायद्यात आहे आणि तीच मांडावी. २२ डिसेंबर २०२२ रोजी तत्कालीन राज्यपाल फिल मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याने परवान्याचे शुल्क २०० डॉलर केले, परवानाधारकावर दायित्व विम्याची (इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या विम्याची) सक्ती घातली आणि जेथे पिस्तूल नेता येणार नाही अशा ठिकाणांची लांबलचक यादी दिली. या कलमांवर लगेच खटले उभे राहिले आणि निरनिराळ्या कलमांबाबत निरनिराळे आदेश झाले. म्हणून पत्रक छापायला देण्याच्या आठवड्यात प्रत्येक कलमाची स्थिती क्लबच्या वकिलाकडून तपासून घ्यावी आणि 'अमुक तारखेपर्यंतची माहिती' असे पहिल्याच पानावर छापावे. शुल्काचा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो. डेलावेर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात परवान्याला सुमारे २० डॉलर लागतात, तो पाच वर्षे चालतो आणि अर्जावर ४५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे दसपट रक्कम भरून मिळालेला परवाना दोनच वर्षे टिकतो. घटनात्मक हक्क बजावण्यासाठी गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाने एवढी रक्कम पुन्हा पुन्हा का भरावी, हा प्रश्न बंदूक न आवडणाऱ्या आमदारालाही विचार करायला लावील. काही नगरपालिकांनी या शुल्कातील आपला वाटा परत देण्याचे ठराव केले आहेत, तेही नमूद करावे.

आता पंचवीस लाखांच्या आकड्याविषयी. तो १९९३ साली जवळपास पाच हजार लोकांना दूरध्वनीवरून विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेला असून गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी तो १९९५ साली प्रसिद्ध केला. अशा पाहणीत 'होय' म्हणणारे थोडेच असतात; त्यांच्यापैकी काहींनी जुनी घटना अलीकडची म्हणून सांगितली, तरी देशाच्या लोकसंख्येने गुणल्यावर चूक लाखांच्या घरात जाते. याउलट केंद्र सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास आकडा निघतो, आणि त्या पाहणीत स्वसंरक्षणाचे सर्व प्रसंग नोंदले जात नाहीत हा आक्षेपही खरा आहे. आपल्याला आकडा द्यायचाच असेल तर दोन्ही द्यावेत आणि त्यांत एवढी तफावत का आहे ते एका वाक्यात सांगावे. माझा सल्ला विचाराल तर हा परिच्छेदच काढून टाकावा, कारण आपली मागणी शुल्क आणि विलंब यांबद्दल आहे आणि तिला या आकड्याची गरज नाही.

पहिल्या मुद्द्याची भाषा बदलावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने हा हक्क व्यक्तीचा आहे असे ठरवले आणि २०१० च्या मॅकडोनल्ड निकालाने तो राज्यांवरही बंधनकारक केला. पण हेलर निकालातच शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या ठिकाणची बंदी कायम राहू शकते असे म्हटले आहे, आणि २०२४ च्या रहिमी निकालात आठ विरुद्ध एक अशा मतांनी, घरगुती हिंसाचाराबद्दल न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास बंदी करणारा कायदा वैध ठरला. त्यामुळे 'पायदळी तुडवते' या शब्दांऐवजी कोणते कलम, कोणत्या निकालाशी आणि का विसंगत आहे ते लिहावे. न्यू जर्सीच्या स्वतःच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे कलम नाही, पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत आहे. हा फरक माहीत नसलेले लेखक शेजारच्या राज्यातील मजकूर उचलून छापतात आणि तोंडघशी पडतात.

एक गोष्ट आपल्या मसुद्यात नाही आणि ती असलीच पाहिजे. बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंचा न्यू जर्सीचा दर देशातील सर्वांत कमी दरांपैकी आहे. आपल्या विरोधकांच्या पत्रकात ही ओळ सर्वांत वर असेल आणि कडक कायद्यांमुळेच हे साधले असे ते म्हणतील. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर आपले पत्रक अपुरे ठरेल. ती मान्य करावी आणि मग विचारावे की दोन वर्षांनी पुन्हा २०० डॉलर घेतल्याने किंवा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिल्याने त्यात नेमकी कोणती भर पडते. विलंबाचा पुरावा क्लबमध्येच आहे. पिस्तूल खरेदीच्या अर्जावर स्थानिक रहिवाशाला तीस दिवसांत निर्णय मिळावा असे कायदा सांगतो. प्रत्येक सभासदाकडून अर्जाची आणि निर्णयाची तारीख घ्यावी, नावे गाळून तक्ता करावा, ज्यांना वेळेत परवाना मिळाला त्यांच्याही तारखा त्यात ठेवाव्यात. नगरपालिकेची एकत्रित आकडेवारी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करून मागता येते.

कायद्याच्या कडकपणाचे उदाहरण हवे असेल तर २०१३ सालचे घ्यावे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली फिलाडेल्फियाची एक महिला तो परवाना येथेही चालतो अशा समजुतीने पिस्तूल घेऊन न्यू जर्सीत आली, पोलिसांनी गाडी थांबवताच तिने आपण होऊन ते सांगितले, आणि ज्या गुन्ह्याला सक्तीचा तुरुंगवास आहे त्या गुन्ह्याखाली तिला अटक झाली. अखेर २०१५ साली राज्यपाल क्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. हे प्रकरण विरोधकांनाही अस्वस्थ करते.

राज्यात चाळीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर व असेंब्लीचे (कनिष्ठ सभागृहाचे) दोन सदस्य निवडून येतात, म्हणजे प्रत्येक सभासदाचे तीन आमदार झाले. पत्रक डाकेने सर्वांना पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या तिघांना भेटून द्यावे. मागणी एकच असावी आणि संबंधित विधेयक असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. बंदूक हाती धरलेली छायाचित्रे मुखपृष्ठावर नकोत; ज्याला पटवायचे आहे तो तेथेच थांबेल.

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहतो. माझा भाचा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. माझ्या यजमानांच्या बंदूकधारक संघटनेचे पत्रक तयार करायला तो मदत करतो आणि आता त्यांच्याबरोबर शूटिंग रेंजवरही जाऊ इच्छितो. हे चालेल का?

उत्तर : पत्रकासाठी त्याने जरूर मदत करावी. अभिव्यक्तिस्वातंत्र्य केवळ नागरिकांपुरते नाही. तो मजकूर लिहू शकतो, सभेत बोलू शकतो, आमदाराला भेटू शकतो. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला निवडणुकीत उमेदवाराला देणगी मात्र देता येत नाही, तेवढे पथ्य पाळावे.

रेंजचा प्रश्न फार गंभीर आहे. एच-१बी, एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा), किंवा आईवडील ज्या व्हिसावर भेटीला येतात तो पर्यटक व्हिसा, या सर्वांवर आलेल्या व्यक्तींना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस ताब्यात बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याची बंदूक काही मिनिटे हातात घेणे हेही ताब्यात असणेच मानले जाऊ शकते. त्याला ठरावीक अपवाद आहेत. नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकारपरवाना. तो नसताना बंदूक हाताळणे हा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढता येते. पुण्याहून आलेल्या वडिलांना हौसेने रेंजवर नेऊन त्यांचा फोटो काढणाऱ्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे. भाच्याने आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, पण देशाबाहेर काढण्याचे कलम त्यांनाही लागू आहे. संघटनेच्या पत्रकात हा परिच्छेद घातला तर आपल्या समाजातील अनेक घरे संकटातून वाचतील.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत मी आहे. काही सभासद शस्त्रकायद्याविषयीचे पत्रक मंडळाच्या ईमेल यादीवर पाठवा असे म्हणतात. काय करावे?

उत्तर : पाठवू नये. आपली बहुतेक मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून ५०१(सी)(३) या कलमाखाली नोंदलेली असतात. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास १९५४ पासून पूर्ण बंदी आहे. विधेयकांबाबत मतप्रदर्शनाला थोडी मुभा आहे, पण ते संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. शिवाय गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी दिलेला ईमेल पत्ता लोकांनी राजकीय मोहिमेसाठी दिलेला नसतो, आणि हे कारण मला करकायद्याहून मोठे वाटते. मंडळाचे सभागृह इतरांना ज्या दराने आणि अटींवर भाड्याने दिले जाते त्याच अटींवर या सभासदांना देता येईल. विरुद्ध मताच्या सभासदांनी मागितले तर त्यांनाही. मोहीम दीर्घकाळ चालवायची असेल तर त्यांनी ५०१(सी)(४) प्रकारची स्वतंत्र संस्था काढावी, तिला लॉबिंगवर, म्हणजे कायद्यांबाबत आमदारांचे मन वळवण्यावर, अशी मर्यादा नाही.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. शाळेत बंदूकधारी शिरल्यास काय करायचे याच्या, दर महिन्याला होणाऱ्या सुरक्षा सरावानंतर ती रात्री झोपत नाही. आपण बंदूकवाल्यांना पत्रके लिहायला शिकवता याचे वाईट वाटते. माझ्यासारख्या आईने काय लिहावे?

उत्तर : आपण अवश्य लिहावे, आणि वर जे नियम सांगितले तेच पाळावेत. दोन्ही बाजूंची पत्रके खरी असतील तरच आमदारांना नीट निर्णय करता येईल, म्हणून मी त्यांनाही उत्तर दिले. २०२३ साली देशात बंदुकीमुळे ४६,७२८ मृत्यू झाले. हा आकडा खुनांचा म्हणून छापू नये, कारण त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. मुलांच्या दृष्टीने आपला जोर शस्त्र कुलूपबंद ठेवण्यावर असावा. रँड या संशोधन संस्थेने अनेक शस्त्रकायद्यांचा आढावा घेतला आहे. पुष्कळ उपायांबाबत तिला निर्णायक पुरावा आढळला नाही, पण मुलांच्या हाती शस्त्र लागू न देण्याची जबाबदारी पालकांवर टाकणाऱ्या कायद्यांमुळे अल्पवयीनांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी होतात याला भक्कम आधार मिळाला.

न्यू जर्सीत बंदुकीची तिजोरी आणि ट्रिगरचे कुलूप यांवर विक्रीकर लागत नाही. ही माहिती आपल्या पत्रकात घाला आणि पहिल्या प्रश्नकर्त्यांच्या क्लबसारख्या क्लबांनाही त्यांच्या पत्रकात घालायला सांगा. ते नकार देतील असे मला वाटत नाही. मुलगी मैत्रिणीकडे मुक्कामाला जाणार असेल तेव्हा त्या घरी शस्त्र आहे का आणि ते कुलपात असते का, हे संकोच न करता विचारा. तिच्या झोपेविषयी शाळेच्या समुपदेशकांशी लवकर बोला. सरावाची आगाऊ सूचना मिळते का आणि सरावानंतर वर्गात मुलांशी काय बोलले जाते, हेही त्यांना विचारा.