आधी धुऊन बघ

प्रिय मित्रा,

झिओलाइट एल या बारीक नळ्यांच्या स्फटिकात डाय, म्हणजे चमकणारा रंग, भरून केलेली तुझी पावडर यूव्ही दिव्याखाली झकास चमकते आहे, वाद नाही. डाय दुप्पट घातल्यावर ती चमक वाढण्याऐवजी उतरली म्हणून तू गोंधळला आहेस, आणि गाइड म्हणतात की कमी डायच्या नमुन्यावर शोधनिबंध छापून मोकळे होऊ. पण नमुना धुतलास का? एवढ्या लांब पत्रात धुण्याबद्दल एक ओळ नाही!

झिओलाइट एलच्या नळीचं तोंड जेमतेम ०.७१ नॅनोमीटर. तुझा डाय, रोडामिन बी, त्यात शिरतच नाही, तो स्फटिकाच्या अंगालाच चिकटून बसतो. दुसरे डाय जातात: पायरोनिन जातो, ऑक्सोनिन जातो, पेरिलीनचे सडपातळ भाऊबंद जातात. ‘थोडा तरी आत गेला असेल’ हे गाइडचं वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. असेल म्हणजे काय? बाहेरचा काढल्यावर किती उरतो ते धुऊन बघ.

बाहेर दाटीवाटीने बसलेले रेणू एकमेकांना बिलगतात आणि घेतलेली ऊर्जा उजेड न देता उष्णतेत घालवतात. तुझी चमक उतरली ती बहुधा यामुळेच. नळीत तशी सोय नाही. तिथे एकामागे एकच राहावं लागतं, आणि या विषयाची सगळी मजा त्या सक्तीत आहे. बर्न विद्यापीठात जिऑन काल्झाफेरी यांच्या गटाने अशाच रांगांमधून प्रकाश गोळा करणारे अँटेना उभे केले. तिथे ऊर्जा रेणूवरून रेणूवर उडी मारते. फॉर्स्टर अंतर, म्हणजे जिथे निम्मी ऊर्जा पोचते ते अंतर, ५ नॅनोमीटर धरलं, तर दात्यापासून, म्हणजे ऊर्जा देणाऱ्या रेणूपासून, १० नॅनोमीटरवर बसलेल्या रेणूला जेमतेम दीड टक्का ऊर्जा पोचते. कोण कुठे बसलंय हेच ठाऊक नसेल, तर तुझ्या आलेखातल्या कार्यक्षमतेला अर्थ काय उरतो?

तेव्हा अल्कोहोलने धू, सेंट्रिफ्यूज कर, परत धू. वरचं द्रावण बिनरंगी दिसलं म्हणून थांबू नकोस, चमक मोजणाऱ्या फ्लुओरिमीटरला दाखव. डोळा लवकर समाधान मानतो. मिठाच्या पाण्याने मात्र धुऊ नकोस, त्यातले आयन आतला धनभारित डायही बाहेर काढतील. लांबट रेणूचा डाय असेल तर एकेका स्फटिकावर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी, फिरव. रेणू खरंच नळीच्या लांबीच्या दिशेने बसलेले असतील तर उजेड कमीजास्त होईल.

या हट्टापायी माझा एक सहकारी दुरावला. त्याला परिषद गाठायची होती आणि मी त्याचा नमुना परत धुवायला लावला. बोलणं तुटलं याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. धुवायला लावल्याचं वाटत नाही. खडूस म्हणाले लोक, म्हणोत. बाहेर चिकटलेला डाय ऑक्सिजनच्या तडाख्यात फिका पडतो, आणि तशा पावडरीचा थर एलईडीवर किती टिकणार ते तूच सांग.

रोडामिनच हवा असेल तर झिओलाइट सोड आणि एमसीएम-४१ सारखा रुंद छिद्रांचा सिलिका घे. पण तिथे रेणूंना शेजारी शेजारी बसायला जागा मिळते आणि धुताना ते निसटतातही, म्हणजे धुणं सुटत नाहीच. मला विचारशील तर झिओलाइट ठेव, डाय बदल. पायरोनिनचा पहिला नमुना अगदी थोड्या डायचा कर आणि गरम ठेवून भरपूर वेळ दे. घाई केलीस तर पहिले रेणू नळीच्या तोंडाशीच गर्दी करतील आणि मागच्यांना वाट मिळणार नाही.