तोंडी सगळं येतं, मग पेपर कोरा का?

सहामाहीचे पेपर घरी आले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लेकरू हुशार आहे, तोंडी विचारलं तर धडाधड सांगतं, पण पेपरात काहीच लिहीत नाही. आळशी झालंय, मोबाइलने बिघडवलंय, जरा समजावून सांगा. मी लातूरला समुपदेशन करते. इथे सहावीतल्या मुलाच्या घरातही नीटच्या परीक्षेचं बोलणं चालू असतं, त्यामुळे कोरा पेपर आला की आईवडिलांची झोप उडते. अशाच एका मुलाबद्दल सांगते. त्याला ओम म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओम सहावीत होता. वडिलांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र, आई सातवी शिकलेली. ओम खुर्चीत अंग चोरून बसला होता. आई म्हणाली, “मॅडम, तुम्ही तोंडी विचारा, सगळं सांगतंय बघा. लिहायलाच नको म्हणतंय.” वडिलांनी आधीच ठरवलं होतं की हा कंटाळा आहे, आणि त्यावर उपाय म्हणून दुसरा क्लास लावला होता.

मी पेपर मागून घेतले. गणितात बेरीज, वजाबाकी, भागाकार जवळजवळ सगळं बरोबर होतं. शाब्दिक उदाहरणं मात्र एकूण एक सोडलेली. मराठीत जोड्या लावल्या होत्या, धड्यावरच्या प्रश्नांची पाठ केलेली उत्तरं लिहिली होती, आणि न पाहिलेल्या उताऱ्याखालची सगळी जागा रिकामी होती. कंटाळलेलं मूल कुठेही सोडून देतं. ओमने जिथे नवीन काही वाचावं लागतं तेवढंच सोडलं होतं.

मग मी त्याला मराठीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला दिला. त्याने तो घडघड वाचला, आईचा चेहरा खुलला. पण त्याची नजर ओळीवर फिरत नव्हती. ‘किशोर’ मासिकाच्या एका जुन्या अंकातलं पान पुढे ठेवलं आणि आवाज एकदम बसला. पहिलं अक्षर बघून तो पुढचा शब्द अंदाजाने म्हणत होता. ‘शिरला’चं ‘शेतात’ झालं, ‘पावसाळी’चं ‘पाऊस’. जोडाक्षर आलं की तो शब्द गिळून पुढे जाई. शेवटी ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीतली साधी वाचनचाचणी घेतली. तिच्यात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. परिच्छेदापर्यंत तो अडखळत पोहोचला, गोष्टीला थांबला. तेच ‘किशोर’चं पान मी वाचून दाखवलं, तेव्हा त्याने प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं. एक शाब्दिक उदाहरणही मी वाचल्यावर त्याने तोंडीच सोडवलं.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ह्याला वाचताच येत नाही? सहावीपर्यंत आला की हो.”

हे त्यांच्या एकट्याच्या घरात घडलेलं नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ओम पहिली संपवत होता. बाराखडी पक्की होऊन शब्द आणि वाक्यं वाचायची ती वर्षं, ती मोबाइलच्या पडद्यावर गेली. 2022च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. 2018 मध्ये हे प्रमाण 50.5 टक्के होतं, म्हणजे कोरोनाआधीही अर्धी मुलं मागेच होती. त्यातली हुशार मुलं ऐकून लक्षात ठेवतात, त्यामुळे ती वर्गात उठून दिसत नाहीत. ओमने चार वर्षं असंच निभावलं होतं, आणि त्यासाठी केवढे कष्ट घेतले असतील! अशा मुलाला आळशी म्हटलेलं मला सहन होत नाही.

आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण सहज म्हणतो. नव्याने वाचणाऱ्या मुलाला ती तशी वाटत नाही. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला मात्र ‘क’ आधी ऐकू येतो. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी येतो, लिहिताना तो य च्या डोक्यावर बसतो. ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ यांत त्याच र ची आणखी रूपं. एकेक अक्षर सोडवण्यातच सगळी ताकद गेली, तर ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मुलाला अर्थ कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण ते अर्थापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

आईने फोनवर डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या अडचणीबद्दल पाहिलं होतं, तिला त्याची धास्ती होती. तिला मी सांगितलं ते असं. शिकवायचं राहून गेलेलं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल सुरुवातीला सारखंच दिसतं, एका भेटीत निवाडा करता येत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग काही महिने नीट पद्धतीने शिकवू. वाचन पुढे सरकलं नाही, तर रीतसर मूल्यमापन करू. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा समावेश आहे आणि शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता, आणि तो मला आता बऱ्याच घरांत ऐकू येतो. “मॅडम, आता फोनच वाचून दाखवतो. यूट्यूबवर सगळं हाय. एवढं वाचायचं तरी कशाला?”

मी त्यांना त्यांच्या दुकानाबद्दल विचारलं. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, विष किती तीव्र आहे ते त्यावरून कळतं. तो रंग न वाचणाऱ्यालाही समजतो. पण किती लिटर पाण्यात किती मिली, फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, पोटात गेलं तर काय करायचं, हे बारीक अक्षरांतच असतं. ते म्हणाले, “कोण वाचतंय? आम्ही सांगतो तसं मारतात.” मग स्वतःच म्हणाले, “आमच्याकडून चुकलं तर त्याला कळायचं नाही.” माझं म्हणणं तेच होतं. ऐकणारा माणूस सांगणाऱ्यावर अवलंबून असतो, सांगणाऱ्याच्या वेगाने जातो. वाचणारा थांबू शकतो, मागे येऊ शकतो, हवी ती ओळ शोधू शकतो, दोन कागद शेजारी ठेवून खरं कोणतं ते पाहू शकतो. कर्जाच्या कागदावर सही करताना व्हिडिओ कामाला येत नाही. व्हिडिओ जरूर पाहावेत. वाचता येणाऱ्याला त्यांचा दुप्पट उपयोग होतो.

नवा क्लास बंद करायला वडील तयार नव्हते. दोन भेटी त्यातच गेल्या, शेवटी आईनेच तो बंद केला. त्या वेळात घरी रोज वीसेक मिनिटं वाचन ठरलं. आईला वाटायचं, आपलं शिक्षण कमी, आपल्याला कसं जमेल? पण त्याला शिक्षकी लागत नाही. आई आणि मूल दोघांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं, मुलाने हाताने खूण केली की आईने थांबायचं आणि त्याने एकट्याने पुढे जायचं. अडला तर शब्द सांगून टाकायचा, रागवायचं नाही, ‘परवाच सांगितला होता’ म्हणायचं नाही. छोटा उतारा तीन-चारदा वाचायचा, कारण ओघ आल्याशिवाय अर्थाला जागा होत नाही. जोडाक्षरांचं काम मी माझ्याकडे घेतलं. र ची चार रूपं, एका वेळी एकच.

अडचण आली ती पुस्तकांची. त्याला झेपतील अशी पुस्तकं दिली तर म्हणाला, “ही बारक्या पोरांची हायत.” अकरा वर्षांच्या मुलाचा हा अपमान खरा असतो. म्हणून पहिलीतल्या बहिणीला रोज एक गोष्ट वाचून दाखवण्याचं काम त्याला दिलं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि फुकट मिळतात, त्याच घेतल्या. बहिणीपुढे चुकायचं नाही म्हणून तो आधी गुपचूप सराव करायचा, हे आईने मला नंतर सांगितलं. शाळेतल्या बाईंनाही आम्ही भेटलो. शाब्दिक उदाहरण त्याला एकदा वाचून दाखवायचं त्यांनी मान्य केलं.

ओम आता सातवीत आहे. चौथीचं पुस्तक तो न अडखळता वाचतो, सातवीचं अजून सावकाश. र च्या रूपांत आता गोंधळ होत नाही. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजिबात पक्कं नाही आणि वेग वयाच्या मानाने कमी आहे, म्हणून मूल्यमापनासाठी नाव नोंदवलं आहे. वार्षिक परीक्षेत त्याने उताऱ्याचे सगळे प्रश्न सोडवले होते, दोन चुकले.

तुमच्या घरी हीच तक्रार असेल तर क्लास लावण्याआधी एवढं करा. मुलाने कधीही न पाहिलेलं, त्याच्या इयत्तेच्या पातळीचं एक पान त्याला मोठ्याने वाचायला द्या. टोकू नका, मदत करू नका. मग तेच पान तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्ही वेळा काय कळलं ते विचारा. दोन उत्तरांत मोठी तफावत असेल, तर ते पान आणि शाळेचे पेपर घेऊन समुपदेशकाकडे जा.