सेन्सरलेस मोटर लोडवर ट्रिप होतेय? आधी मॉडेलमधला रेझिस्टन्स फेजचाच आहे का ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दिवस आठवले. ओपन लूपमध्ये (अँगल न बघता, ठरवलेल्या वेगाने ढकलताना) मोटर छान फिरते, ऑब्झर्व्हरवर (सेन्सर नसताना व्होल्टेज-करंटवरून रोटरचा अँगल ओळखणारं मॉडेल) सोडली की रिकामी असताना एक झटका देऊन सावरते, पण पंप जोडला की थरथरून ओव्हरकरंटला ट्रिप. अगदी हेच मी तीन आठवडे भोगलंय. पीएलएल (त्या अँगलचा माग ठेवणारं लूप) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

डेटाशीटवर २.४ ओहम लिहिलं होतं, मी तसंच टाकलं. ते निघालं दोन टर्मिनलांमधलं, म्हणजे स्टार जोडणीत फेजला (एका वाइंडिंगला) १.२ च. आता हिशोब बघा, माझ्या मोटरचा बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज, यावरूनच अँगल कळतो) १००० आरपीएमला फेजमागे ४० व्होल्ट पीक, ओपन लूपमधून ऑब्झर्व्हरकडे हँडओव्हर २०० ला, म्हणजे हातात जेमतेम ८ व्होल्ट, आणि लोडवर ७ अँपिअर असताना जादाच्या १.२ ओहमपायी ऑब्झर्व्हर ८.४ व्होल्ट फुकटचे वजा करतोय. झालं, चिन्हच उलटं, अँगल सरळ १८० अंशांनी पलटला. रिकाम्या मोटरचा करंट लगेच उतरतो म्हणून तिथे निभावतं आणि आपण कंट्रोल लूपचे गेन बदलत बसतो.

मोटर देणाऱ्यांना एवढंच विचारलं होतं, आकडा फेजचा की लाइन टु लाइन? चार मेल केले, चारही वेळा तेच पीडीएफ परत. एक शब्द छापायला काय जातं हो? अजून संताप होतो.

म्हणून सांगतो, स्वतः मोजा. डीसी सप्लायने दोन टर्मिनलांतून २-३ अँपिअर सोडा, व्होल्टेज थेट टर्मिनलवरच घ्या, भागा, निम्मं करा. साध्या मल्टिमीटरवर नको, एवढ्या कमी ओहमला प्रोबच्या वायरीच घोळ घालतात. इंडक्टन्सही तसाच निम्मा. मोटर तापल्यावर परत मोजा, तांबं २५ वरून १०० अंशांवर गेलं की रेझिस्टन्स जवळजवळ ३० टक्के चढतो.

आणि ऑब्झर्व्हरला कमांड व्होल्टेज (मोजलेलं नव्हे, इन्व्हर्टरकडे मागितलेलं) देत असाल तर डेड टाइमचं (वरचा-खालचा स्विच एकदम चालू राहू नयेत म्हणून ठेवलेली फट) कॉम्पेन्सेशन हवंच, ३१० व्होल्ट बस, २० किलोहर्ट्झ स्विचिंग आणि १ मायक्रोसेकंद डेड टाइम म्हणजे ६ व्होल्टची चूक, ८ व्होल्टपुढे ती काय थोडी आहे?

कुणीतरी एचएफआय (जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडून कमी स्पीडलाही अँगल ओळखायची पद्धत) लावा म्हणेलच. मोटर सरफेस मॅग्नेटची असेल तर ती ज्यावर चालते त्या एलडी-एलक्यूत (मॅग्नेटच्या दिशेचा आणि तिच्या आडवा इंडक्टन्स) फरक नगण्य, नादी लागू नका, पंपाला शून्य स्पीडवर टॉर्क लागतोय कुठे. अर्थात माझा अनुभव पंप-फॅनचाच, स्कूटरवाल्यांचं गणित वेगळं.

लोडवरचा फेज करंट आणि एस्टिमेटेड अँगल एकाच स्क्रीनवर घेऊन फोटो टाका, आज रात्री बघून सांगतो.