पुरस्काराचा प्रस्ताव भरण्याआधी

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या उत्कृष्ट शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव भरू का, असं तू विचारतेस. तू पत्रासोबत पाठवलेल्या यादीत तीन रकाने आहेत: शोधनिबंध, शिबिरं, सत्कार. प्रस्ताव जरूर भर, पण ही यादी बाजूला ठेव. तिसरा रकाना तर खोडूनच टाक. आधीचे सत्कार मोजून नवा सत्कार ठरवायला कुठलीही शहाणी समिती बसत नाही.

आधी कोरड्या गोष्टी उरकू. आपल्याकडे असे पुरस्कार बहुधा विद्यापीठाच्या वर्धापनदिनी देतात. पुण्याचा वर्धापनदिन १० फेब्रुवारीला असतो, कोल्हापूरचा १८ नोव्हेंबरला, छत्रपती संभाजीनगरचा २३ ऑगस्टला. परिपत्रक निघतं ते जेमतेम काही आठवडे आधी, आणि महाविद्यालयाच्या आवक-नोंदीतून फिरत तुझ्या टेबलावर येईपर्यंत निम्मी मुदत सरलेली असते. म्हणून मागच्या वर्षीचं परिपत्रक आजच काढून वाच. मूल्यमापनाचा कालावधी कोणता, किमान सेवा किती, प्रस्ताव कोणामार्फत पाठवायचा, कोणते दाखले जोडायचे, एवढ्या चार ठिकाणी रेघ मार. कितीतरी चांगली माणसं निवड समितीपर्यंत पोचतच नाहीत, छाननीतच गळतात. कालावधी तीन वर्षांचा मागितलेला असतो आणि माणूस अख्खी कारकीर्द ओततो. प्राचार्यांची सही असते, पण जावक क्रमांक नसतो. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला राहून जातो. सगळ्यात फसवं म्हणजे वर्ष: शैक्षणिक वर्ष जून-जुलैचं, अनुदानाचा हिशोब एप्रिलचा आणि शोधनिबंध जानेवारी ते डिसेंबर. परिपत्रकात यातलं कोणतं धरलंय ते पाहिलं नाहीस, तर एकच निबंध दोन ठिकाणी मोजला जातो आणि तपासणाऱ्याला तुझी सगळीच आकडेमोड संशयास्पद वाटू लागते.

हेही सांगून टाकतो, म्हणजे अपेक्षा ठिकाणावर राहतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात पुरस्काराला गुण आहेत ते आंतरराष्ट्रीय पातळीसाठी ७ आणि राष्ट्रीय पातळीसाठी ५. विद्यापीठाच्या पुरस्काराला त्या ओळीत जागाच नाही. उलट राज्य पातळीवरच्या धोरणविषयक दस्तऐवजाला ४ गुण आहेत. तेव्हा पदोन्नती डोळ्यांसमोर ठेवून हा खटाटोप करू नकोस. प्राचार्यांचा उत्साह वेगळ्या कारणाचा असतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नमुन्यात संशोधन आणि विस्तार कार्य एकाच निकषाखाली, तिसऱ्याखाली, येत आले आहेत आणि तिथे दाखवायला काहीतरी हवं असतं. त्यात गैर काही नाही. त्या उत्साहाच्या भरात सह्या आणि शिक्के लवकर मिळतात, एवढा फायदा घे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या यादीत संशोधन एका बाजूला आणि गावातलं काम दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आहे. संशोधन भूजलातल्या फ्लोराइडवर आणि समाजकार्यात मात्र वृक्षारोपण, रॅली, पथनाट्य. समितीच्या नजरेला ही दोन माणसं दिसतात. तुझं खरं बळ आहे ते या दोन्हींच्या मध्ये, आणि नेमकं तेच यादीत नाही: ज्या हातपंपांचं पाणी तू तपासलंस, त्या हातपंपांवर पाणी भरणाऱ्यांना पुढे काय कळलं आणि त्यांनी काय बदललं?

प्रस्तावाचा कणा याच प्रश्नावर उभा कर. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या पट्ट्यातलं एखादं गाव धर. तिथला सलग धागा असा दिसायला हवा. किती स्रोत तपासले, त्यात विहिरी किती, बोअर किती. नमुने कधी घेतले. फक्त मे महिन्याचे असतील तर कुणीही जाणकार विचारील की पावसाळ्यानंतरचे आकडे कुठे आहेत. बाटल्या प्लास्टिकच्याच होत्या ना, कारण फ्लोराइडसाठी काच चालत नाही. मोजमाप आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने (फ्लोराइड मोजायच्या प्रयोगशाळेतल्या उपकरणाने) केलं की जागेवरच वापरायच्या किटने, आणि किटने केलं असेल तर त्यातले किती नमुने प्रयोगशाळेत पुन्हा तपासले. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १.० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५; यातल्या कोणत्या मर्यादेवर तू ‘असुरक्षित’ असा शेरा मारलास? एवढं चार-पाच ओळींत बसतं.

पुढचा भाग लोक लिहीतच नाहीत. निकाल ग्रामपंचायतीला कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत दिले? इंग्रजी शोधनिबंधाची छापील प्रत सरपंचांच्या हाती देतानाचा फोटो म्हणजे निकाल देणं नव्हे. स्रोताचं नाव, ठिकाण, आकडा आणि ‘पिण्यास योग्य’ की ‘फक्त वापरासाठी’, असा मराठीतला एक पानी तक्ता दिला असेल आणि त्यावर ग्रामपंचायतीचा आवक-शिक्का असेल, तर तो कागद पन्नास फोटोंना भारी आहे. ग्रामसभेत विषय निघाला असेल तर ठरावाची साक्षांकित नक्कल घे. पिऊ नये अशी खूण म्हणून हातपंप लाल रंगवला, उथळ विहीर साफ करून पिण्यासाठी वापरात आणली, असा बदल झाला असेल तर तो वर्षभराने टिकून आहे का, हे स्वतः जाऊन पाहा आणि तारखेसह लिही.

फसतं ते इथेच. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. तिचं प्रात्यक्षिक तासाभरात होतं आणि टाळ्याही मिळतात. पण तुरटीचं प्रमाण पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि अल्कतेवर (अल्कलिनिटीवर) ठरतं आणि तळाशी बसणारा गाळ रोज कुठेतरी टाकावा लागतो. फ्लोराइड शोषून घेणारे अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे फिल्टर काही काळाने पुनरुज्जीवित करावे लागतात. ते कोण करणार हे ठरलेलं नसेल तर फिल्टर भिंतीवर राहतो आणि पाणी जसंच्या तसं येतं. म्हणून ‘४० फिल्टर वाटले’ असं लिहू नकोस. वर्षाने किती चालू होते ते लिही. आकडा ११ असला तरी ११च लिही आणि बाकीचे बंद का पडले ते दोन वाक्यांत सांग. अनुभवी परीक्षकाला ४० पैकी ४० वाचलं की शंका येते. वृक्षारोपणालाही हाच न्याय: लावलेली रोपं नव्हेत, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली रोपं मोज.

राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही यात येऊ शकतं, पण सात दिवसांच्या विशेष शिबिराच्या नावाने नको. शिबिरात गाव पाहुण्यासारखं वागतं आणि आपणही. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं नियमित काम असतं, त्यात हा अभ्यास नीट बसतो: कोणी किती नमुने आणले, किती घरांचं सर्वेक्षण केलं, त्याची नोंदवही. महाविद्यालय उन्नत भारत अभियानात (उच्चशिक्षण संस्थांनी गावं दत्तक घ्यायच्या केंद्राच्या योजनेत) असेल तर दत्तक गावांचं पायाभूत सर्वेक्षण बहुधा कपाटात पडून असेल. शोधून काढ, ‘आधी’ची स्थिती दाखवायला दुसरा कागद सहसा मिळत नाही.

एक पथ्य पाळ. दातांवर फ्लोराइडचे डाग पडलेल्या मुलांचे फोटो प्रस्तावात लावू नकोस, पालकांची लेखी संमती असेल तरीसुद्धा. समितीला आकडा पुरतो आणि पोराचा चेहरा विद्यापीठाच्या फायलीत कायमचा पडून राहतो. वर्गवार संख्या दे, नावं गाळ.

शोधनिबंधांबद्दल थोडक्यात. पाच निवड, बाकीचे परिशिष्टात टाक. प्रत्येकाखाली तुझा वाटा एका ओळीत लिही: नमुने घेतले, विश्लेषण केलं, मसुदा लिहिला, जे खरं असेल ते. अनुदान आयोगाच्या हिशोबात दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के गुण. दोनाहून जास्त असतील तर मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. समितीतली माणसं याच सवयीने वाचतात, त्यामुळे सहावी लेखिका असताना ‘माझा शोधनिबंध’ म्हटलंस तर लगेच खटकतं. आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्याआधीच्या निबंधांसाठी नियतकालिक तेव्हा यादीत असल्याचा पुरावा हाताशी ठेव. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, मूळ नियतकालिकाचाच आहे ना, हे तपास. नामांकित नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळणारे आहेत. शुल्क भरल्यावर दोन दिवसांत स्वीकृतीपत्र आलेला निबंध यादीत असेल तर तो काढ. एका अशा निबंधाने बाकीच्या चारांकडेही तिरक्या नजरेने पाहिलं जातं. एच-इंडेक्स (निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) द्यायचाच असेल तर कुठला आणि कोणत्या तारखेचा ते लिही. गुगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा असतो आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शिफारसपत्रं तीन पुरेत. आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे उमेदवारानेच तिन्ही पत्रं टाइप करायची आणि सह्या गोळा करत हिंडायचं. मग ‘अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू व विद्यार्थिप्रिय’ हे शब्द तिन्ही पत्रांत त्याच क्रमाने येतात आणि परीक्षक मनात हसतो. तू शिफारस करणाऱ्याला पत्र देऊ नकोस, मुद्द्यांचं एक पान दे: तारखा, आकडे, त्यांनी स्वतः पाहिलेलं तुझं काम. शब्द त्यांचे येऊ देत. एक पत्र विषयातल्या, पण तुझ्या महाविद्यालयाबाहेरच्या माणसाचं घे. एक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा आशा सेविका यांच्यापैकी कुणाचं. आशाताईंनी हाताने लिहिलेल्या सहा ओळी असल्या तरी टाइप करून ‘सुधारू’ नकोस.

सगळ्यावर एक पानाचा सारांश हवा आणि तो शेवटी लिही. समितीसमोर गठ्ठा असतो. पहिलं पान नीट वाचलं जातं, पुढची चाळली जातात. ‘सहभाग घेतला’, ‘मोलाचे योगदान दिले’, ‘जनजागृती केली’ ही तिन्ही क्रियापदं गाळून लिहून बघ. अवघड जातं, पण त्यांच्या जागी जे येतं तेच तुझं काम. ‘गावातील २२ स्रोत दोन हंगामांत तपासले, सात पिण्यास अयोग्य निघाले, त्यांपैकी पाचांवर ग्रामपंचायतीने फलक लावले’ असं वाक्य असलं की विशेषणांची गरज उरत नाही. (आकडे अर्थात नमुन्यादाखल, तुझे तू घाल.)

आणि एक काम तुझ्या यादीत कुठेच नाही. बहुतेक विद्यापीठांत शिक्षकेतर सेवकांसाठीही पुरस्कार असतो, आणि तिथले प्रस्ताव फार त्रोटक असतात, कारण त्यांच्यासाठी लिहायला कुणी बसत नाही. तुझ्या विभागातल्या प्रयोगशाळा सहायकांनी तुझ्या नमुन्यांसाठी इलेक्ट्रोड रोज प्रमाणित केला, नोंदवही ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडली, हे तुझ्या निबंधात आभाराच्या ओळीतही नीट आलेलं नाही. त्यांचा प्रस्ताव तू लिही. उपकरणाच्या लॉगबुकावरून वर्षाला किती नमुने झाले, बिघाड किती दिवसांत दूर झाला, किती विद्यार्थ्यांना त्यांनी उपकरण हाताळायला शिकवलं, हे काढ. सेवा कालावधीचा आणि चौकशी नसल्याचा दाखला स्थापना शाखेतून मिळतो, त्याला वेळ लागतो. अर्ज याच आठवड्यात दे. मात्र आधी त्यांना विचार. काहींना असा गाजावाजा नको असतो.

कच्चा सारांश झाला की पाठव. परिशिष्टं आत्ता नकोत, फक्त ते एक पान.

कळावे, लोभ असावा.